बुटक्या गव्हाच्या गावी

माझी उंची पाच फूट दोन इंच. ही गोष्ट वाचकांना मुद्दाम सांगावी अशी नाही. पण ज्या प्रवासाची हकीकत मी सांगणार आहे, तिची सुरुवातच या पाच फूट दोन इंचांपासून होते. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे आणि फळ्याच्या वरच्या भागाशी माझा अजून परिचय झालेला नाही. मागच्या बाकांवरची मुले मला ‘ऱ्हस्व’ म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. मी त्यांच्या उत्तरपत्रिकांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, ती माझे तपासतात. हिशेब सरळ आहे.

लहानपणी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करून आई माझी उंची मोजायची आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणायची, “बुटकं वाण आहे हो आपलं!” यावर अण्णा हातातले वर्तमानपत्र टाकून तडक बाहेर निघून जात. मला वाटे, मुलगा ठेंगणा निघाला हे वडिलांच्या जिवाला लागते आहे. त्यांच्या जिवाला लागत होते ते निराळेच. ते कळायला मला पंचेचाळीस वर्षे लागली, आणि दीड हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागला.

झाले असे, की दिल्लीहून धाकट्या बहिणीचा फोन आला : “दादा, थंडी ओसरली आहे, अण्णांना घेऊन ये.” अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. कुठे चला म्हटले की त्यांचे गुडघे दुखू लागतात. या खेपेला मात्र ते चटकन ‘हो’ म्हणाले. वर एक अट घातली. “लाल किल्ला, कुतुबमिनार काही नको. मला पुसाची गव्हाची शेतं दाखव, म्हणजे झालं.”

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही झेलम एक्स्प्रेसने निघालो. आमच्या गावी जायचे तर मनमाडला उतरावे लागते. गाडीने मनमाड सोडले तेव्हा डब्यातले दिवे मालवले होते, आणि अण्णा खिडकीशी बसून अंधारात पाहत होते.

“झोपा आता,” मी म्हटले.

“झोपतो,” ते म्हणाले, आणि बोलू लागले.

गोष्ट १९६९ सालची. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे. नाशिक जिल्ह्यातली आमची जमीन काळी, भारी. आबा, म्हणजे माझे आजोबा, तीत बन्सी गहू पेरत. पावसाळ्याने जमिनीत मुरवून ठेवलेल्या ओलीवर तो येई आणि माणसाच्या छातीला लागे. त्या वेळी वर्तमानपत्रांतून बुटक्या मेक्सिकन गव्हाची मोठी वाहवा चालली होती. अण्णांनी हट्टाने कल्याणसोनाचे बियाणे मिळवले, खतासाठी कर्ज काढायला लावले. शेतात नवी विहीर झाली होती, तेव्हा पाण्याची अडचण नव्हती. आबांनी नाइलाजाने दोन एकर दिले. पण चाड्यावर मूठ मात्र स्वतः धरली. ती ते दुसऱ्या कुणाला देत नसत. पाभरही नेहमीसारखीच खोल धरली. ओल खाली असते, बी ओलीत पडले पाहिजे, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेले.

पंधरा दिवसांनी शेत पाहिले, तर डोक्याला चाई पडावी तसे. इथे दोन रोपे, तिथे हातभर उघडी जमीन. पीक गेले, कर्ज राहिले. ते फेडायला एक बैल विकावा लागला. आबा एवढेच म्हणाले, “पांगळं बी आणलंस.” त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मुलाजवळ शेतीचा विषय काढला नाही. कुणी म्हणाले बी जुने होते, कुणी म्हणाले पोराला फसवले. अण्णा पुण्याला आले, कचेरीत चिकटले आणि कारकुनी करून निवृत्त झाले.

“पण बी पांगळं नव्हतं रे,” अण्णा म्हणाले. “पुढल्या शिवारात त्याच बियाचा गहू ठेवायला जागा पुरली नाही. मग आपल्याच रानात काय झालं? तेवढं एकदा कुणाला तरी विचारायचं आहे.”

सकाळी भोपाळ मागे पडले आणि विदिशाच्या बाजूला गव्हाची शेते सुरू झाली. पिवळेपणाकडे झुकलेली, कुणी वरून रंधा मारावा अशी सपाट. अण्णा टक लावून पाहत होते. “एकही लोळलेलं नाही,” ते म्हणाले. शहरी वाचकांना हे ‘लोळणे’ सांगायला हवे. जुना गहू उंच. त्याला खत-पाणी भरपूर दिले की ओंबी जड होई, काड उंच वाढे, आणि फाल्गुनात एखादी वावटळ किंवा अवकाळी सर आली की सारे शेत चटईसारखे आडवे होई. दाणा भरत नसे, जो भरे तो मातीत कुजे. म्हणजे शेतकऱ्याने जमिनीला जितके जास्त चारावे, तितके पीक पडण्याचे भय जास्त. गव्हाचे उत्पन्न जे अडले होते ते इथे. पिकाला भूक नव्हती असे नव्हे. खाल्लेले पेलायला पाय नव्हते.

दिल्लीत करोल बागेच्या पलीकडे पुसा आहे. नाव ऐकून हे दिल्लीचेच एखादे जुने खेडे असावे असे वाटते. पण खरे पुसा बिहारात, आजच्या समस्तीपूर जिल्ह्यात. हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून १९०५ साली तिथे शेतकी संशोधनाची संस्था निघाली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने तिची इमारत मोडली, म्हणून १९३६ साली संस्था दिल्लीला आली आणि येताना गावाचे नाव बरोबर घेऊन आली. माहेरचे नाव न सोडणाऱ्या सुनेसारखी. आता शहराच्या ऐन गर्दीत शेकडो एकर शेत. एका बाजूला मेट्रो धावते, दुसऱ्या बाजूला बांधावर बगळे उभे. मधे जुन्या ग्रंथालयाची देखणी इमारत. तिच्यासमोर अण्णा थबकले. “हिला मी ओळखतो,” ते म्हणाले. १९६८ साली गव्हाच्या क्रांतीचे पोस्टाचे तिकीट निघाले, त्यावर ओंब्यांबरोबर हीच इमारत होती. अण्णांनी ते तिकीट तेव्हा जपून ठेवले होते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बहीण तिथे पीएच.डी. करते. संगमनेरकडची मुलगी, चुणचुणीत. तिने आम्हाला काचघरात नेले आणि दोन कुंड्या दाखवल्या : एकीत उंच गहू, दुसरीत बुटका. “सर, दोन्हींवर आठ दिवसांपूर्वी एकच औषध फवारलं. बघा.” उंच गव्हाची रोपे अंगात आल्यासारखी ताडमाड वाढली होती. बुटका ढिम्म होता.

त्या औषधाची गोष्ट मोठी मौजेची आहे. जपानात भाताला एक रोग होतो. रोप एकदम सुटते, लांबडे, फिकट होते आणि कोलमडते. तिथले शेतकरी त्याला ‘बाकानाए’, म्हणजे ‘वेडे रोप’ म्हणत. १९२६ साली कुरोसावा या संशोधकाने दाखवून दिले, की रोपाला हे वेड लावणारा पदार्थ एका बुरशीतून येतो. पुढे त्याला जिबरेलिन हे नाव मिळाले, आणि मग कळले की थोडे थोडे जिबरेलिन प्रत्येक झाड स्वतःच बनवते. ‘वाढ’ हा निरोप ते पेशींना पोचवते. झाडात काही राखणदार प्रथिने असतात, ती वाढीला आवरून धरतात. जिबरेलिन आले की राखणदारांना हटवले जाते आणि काड उंच होते.

“बुटक्या गव्हाचा राखणदार बहिरा आहे,” ती मुलगी म्हणाली. “जिबरेलिन येऊन कितीही ओरडलं तरी तो जागचा हलत नाही.”

“बहिरा कशाने झाला?” अण्णांनी विचारले.

“एका अक्षराने, आजोबा.”

मी कान टवकारले. अक्षरांचा विषय माझा. ती सांगू लागली. प्रत्येक जीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा मजकूर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. राखणदार प्रथिनाच्या मजकुरात, अगदी सुरुवातीला, एक अक्षर बदलले आणि तिथे पूर्णविराम पडला. वाचन थांबले आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा सुरू झाले. मधला जो तुकडा गळाला, नेमका त्याच तुकड्याला धरून जिबरेलिनचा निरोप पोचत असतो. गव्हात अशी दोन जनुके आहेत, दोन वेगळ्या गुणसूत्रांवर, आणि दोन्हींत चूक एकाच जातीची. १९९९ साली शास्त्रज्ञांनी हे जनुक हाती धरून त्याचे काम उलगडले.

मी आयुष्यभर चुकीच्या पूर्णविरामाला अर्धा गुण कापत आलो आहे. आणि निसर्गाने वाक्याच्या मध्यावर टाकलेल्या एका पूर्णविरामावर आज जगातल्या गव्हाच्या सुमारे सत्तर टक्के वाणांचे काड उभे आहे! जुन्या गव्हात पिकाच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा दाणा असे. काडावरचा खर्च वाचल्यामुळे नव्यात तो निम्म्याच्या जवळ गेला. खत घाला, पाणी द्या, तो पडत नाही. भाताचेही असेच, पण तिथली चूक निराळी. १९६६ साली आलेल्या ‘आयआर ८’ या बुटक्या भातात जिबरेलिन बनवणारे एक यंत्रच बिघडलेले असते. भाताला निरोप पोचत नाही, गव्हाला पोचून ऐकू येत नाही. आणि ब्रनोच्या मठात मेंडेलने १८६५ च्या आधी मोजलेले उंच आणि ठेंगणे वाटाणे, ज्यांवरून आनुवंशिकतेचे शास्त्रच सुरू झाले, त्यांतला ठेंगणेपणाही जिबरेलिनच्याच तुटवड्याचा, हे १९९७ साली उमगले.

मग ही बहिऱ्या राखणदाराची चूक भारतात आली कशी? तिचा प्रवास आमच्या झेलम एक्स्प्रेसहून बराच लांबचा. जपानच्या इवाते प्रांतात गोंजिरो इनाझुका या संशोधकाने ‘दारुमा’ नावाच्या ठेंगण्या जपानी गव्हाचा अमेरिकन गव्हांशी संकर करून १९३५ साली ‘नोरिन १०’ हे वाण तयार केले. उंची जेमतेम दोन फूट. १९४६ साली, महायुद्ध संपल्यावर, सॅमन या अमेरिकन शेतीतज्ज्ञाने ते जपानात पाहिले आणि बी घरी पाठवले. वॉशिंग्टन राज्यात ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले. त्यांच्याकडून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती गेले. १९६३ साली बोरलॉग भारतात आले, मागोमाग त्यांचे बियाणे आले, आणि पुसाला एम. एस. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आपल्या मातीत लावून पाहिले. मेक्सिकोचा दाणा लाल, आपल्या पोळीला हवा पिवळसर. त्यातून निवडून, काही ठिकाणी किरणांचा मारा करून, कल्याणसोना, सोनालिका, शरबती सोनोरा निघाले.

त्यातल्या ‘दारुमा’ या शब्दाने मात्र मला धरून ठेवले. दारुमा म्हणजे बोधिधर्म. आपल्या ‘धर्म’चाच तो जपानी उच्चार. परंपरा सांगते, की हा भिक्षू दक्षिण भारतातून चीनला गेला आणि इतकी वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला, की त्याचे पाय झडून गेले. जपानात त्याची बाहुली मिळते : गोल, बिनपायांची, बुडाशी जड. कशीही ढकला, ती पुन्हा उठून बसते. जो गहू पडत नाही, त्याच्या पूर्वजाचे नाव ‘पडूनही न पडणारा’! कुणा जपानी शेतकऱ्याने ते ठेवले असेल, त्याच्या भाषाज्ञानाला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

हे सारे ऐकायला गंमत वाटते. पण ज्या वर्षांत ते घडले ती वर्षे गमतीची नव्हती. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी एक वेळ जेवू नका असे सांगितले होते. लागोपाठ दोन वर्षे पाऊस गेला. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. रेशनच्या रांगेत मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरीची चव अण्णांच्या अजून तोंडात आहे. “घशाखाली उतरत नसे, पण उतरवावी लागे.” मिलो म्हणजे अमेरिकेतली ज्वारी, यंत्राने कापता यावी म्हणून तिलाही तिकडच्या लोकांनी निवडून निवडून बुटकी केलेली. आपल्याकडे १९६४ साली ठेंगणी संकरित ज्वारी आली, तेव्हा दाणा वाढला म्हणून माणसे खूष झाली आणि कडबा घटला म्हणून बैल उपाशी राहणार अशी ओरडही झाली. १९६६ सालीच सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. १९६४-६५ साली देशाचा गहू सव्वा कोटी टनांच्या आत होता, १९६७-६८ साली तो साडेसोळा कोटी क्विंटलांवर, म्हणजे सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. आता तो अकरा कोटी टनांच्याही पुढे आहे. दिवाळीची शंकरपाळी तोंडात टाकताना हा हिशेब कुणी करत नाही, करूही नये.

पण अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळाले नव्हते. ती मुलगी म्हणाली, “आजोबा, उद्या जौंतीला जाऊ. तिथे विचारा.”

जौंती हे दिल्ली राज्यातलेच गाव. कंझावल्याच्या पुढे, हरियाणाच्या हद्दीजवळ. मोगलांच्या शिकारीच्या वाड्याचे पडके अवशेष तिथे अजून उभे आहेत. पण गावाचे नाव झाले ते बियाण्याने. १९६४ च्या सुमारास पुसाच्या शास्त्रज्ञांनी हे गाव हाताशी धरले. गावकऱ्यांनी स्वतःच्या शेतात नव्या गव्हाचे बी पिकवायचे आणि सहकारी संस्थेमार्फत इतरांना विकायचे, अशी ती योजना. आज वाटेवर गोदामे आणि प्लॉटच्या पाट्याच जास्त दिसतात. त्यांच्यातून वळणे घेत गेलो, आणि अचानक गव्हाचा हिरवा-पिवळा पट्टा समोर आला.

एका घरासमोर खाटेवर एक वृद्ध गृहस्थ हुक्का ओढीत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही महाराष्ट्रातून गहू पाहायला आलो हे ऐकून त्यांना फार नवल वाटले. दूध आले, गूळ आला. त्यांनी पहिल्या वर्षाच्या आठवणी काढल्या. गुडघाभर गहू पाहून बायका हसल्या होत्या. म्हणाल्या, हे पीक की गवत? मग खळ्यावर रास पडली आणि हसू थांबले.

अण्णांनी आपल्या मोडक्या हिंदीत मधेच विचारले, “ताऊजी, तुम्ही पेरणी किती खोल करत होता?”

म्हाताऱ्याने हुक्का बाजूला ठेवला. उजव्या हाताची दोन बोटे जुळवून ती आडवी धरली. “एवढंच,” तो म्हणाला. “पहिल्या खेपेला माझ्या काकाने जुन्या रीतीने खोल पेरलं. काही उगवलं नाही. पुसाचे साहेब आले, त्यांनी उकरून दाखवलं. कोंब खालीच वळून बसला होता, बिचारा वर पोचलाच नव्हता. मग पुन्हा पेरलं.”

अण्णा काही बोलले नाहीत. त्या मुलीने हळू आवाजात समजावले. गव्हाचा कोंब जमिनीतून वर येताना एका म्यानेत गुंडाळलेला असतो. बुटक्या गव्हाचा राखणदार काडात बहिरा, तसा या म्यानेतही बहिरा. म्हणून म्यानही आखूड राहते, दोन-अडीच इंचांची. उंच गव्हाची तिच्याहून इंचभर तरी लांब. बी त्याहून खोल पडले की म्यान मातीतच संपते, कोवळे पान उघडे पडते आणि दुमडते. खाली ओल असो नसो. ज्या चुकीने गव्हाला पडण्यापासून वाचवले, त्याच चुकीने त्याची उगवण्याची ताकद कमी केली.

परतीच्या वाटेवर नांगलोई येईपर्यंत अण्णा गप्प होते. मग म्हणाले, “बी चांगलं होतं. आबांचा हातही चुकला नव्हता. त्यांच्या गव्हाला तो बरोबरच होता. आम्हाला दोन बोटं सांगणारं कुणी आलं नाही, एवढंच.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “एवढंच झालं होतं.” पंचावन्न वर्षे उरावर असलेली गोष्ट माणूस इतक्या थोडक्यात उतरवून ठेवतो, हे मी प्रथमच पाहिले.

पुण्याला परतल्यावर त्या मुलीने कळवलेली एक बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. आमच्या पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत, शास्त्रज्ञांनी बक्षी गव्हाच्या, म्हणजे आबांच्या बन्सीच्याच जातीच्या गव्हातली दोन वेगळी बुटकेपणाची जनुके गुणसूत्रावर नेमकी कुठे आहेत ते शोधून काढले आहे. त्यांना आरएचटी १४ आणि आरएचटी १८ म्हणतात. यांच्यामुळे काड ठेंगणे राहते, पण कोंबाची म्यान आखडत नाही. म्हणजे खोल पेरले तरी रोप वर येते. कोरडवाहू रानात, खालच्या ओलीवर, आबांच्या हाताने पेरले तरी. अण्णांनी ते दोनदा वाचायला लावले. हल्ली सकाळच्या फिरण्याचा त्यांचा रस्ता बदलला आहे. संस्थेच्या फाटकाशी क्षणभर थांबून ते पुढे जातात.

जौंतीच्या ताऊजींनी निघताना मूठभर गहू बांधून दिला होता. अण्णांनी गॅलरीत दोन कुंड्या मांडल्या. प्रत्येकीत दहा-दहा दाणे; एकीत दोन बोटे खोल, दुसरीत पाच बोटे. नातवाला रोज सकाळी मोजायला बसवले. आठवड्याने पहिल्या कुंडीत दहाच्या दहा रोपे टवटवीत उभी होती. दुसरीत दोन आली होती, तीही पिवळी.

अण्णा बराच वेळ त्या दुसऱ्या कुंडीपाशी उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी बोटाने माती उकरली. एक पांढरा कोंब, गोल वळून बसलेला, तळहातावर घेतला आणि नातवाला दाखवला.

“हे बघ,” ते म्हणाले. “आबांना हे दाखवायला हवं होतं.”